वाट्याचा सत्तूर

'सत्तूर' हा शब्द वर्तमानपत्रात बहुतेक वेळा एकाच पानावर भेटतो. पूर्ववैमनस्यातून सत्तूरने वार, अशी त्याची ठरलेली ओळ. तलवारीच्या वाट्याला पोवाडे आले, विळ्याच्या वाट्याला सुगीची गाणी आली, ऊसतोडणीच्या कोयत्यावर कथा-कविता लिहिल्या गेल्या. सत्तुराच्या वाट्याला आले ते गुन्हेवृत्त. गंमत अशी, की तुम्ही हे पान वाचत असाल तेव्हा कोल्हापुरातल्या घराघरातला कोणीतरी हातात डबा-पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर उभा असेल. रविवारच आहे. त्या दुकानात सकाळपासून जो ठक् ठक् आवाज चालला आहे तो सत्तुराचा. तांबडा आणि पांढरा रस्सा ज्या हाडांतून उतरतो ती हाडे तोच फोडतो. शाकाहारी वाचकांनी दोन मिनिटे थांबावे. मला आज मटणाविषयी थोडे आणि लोखंडाविषयी, माणसांविषयी जास्त बोलायचे आहे.

माझ्याकडे एक सत्तूर आहे. आजोबांचा. वजन सव्वा किलोच्या आसपास. पाते आठ इंच लांब, चार इंच रुंद, पाठीकडे जाड आणि धारेकडे निमुळते. बाभळीची मूठ वडिलांच्या हयातीत एकदा बदललेली. पात्याच्या वरच्या कोपऱ्याजवळ बोट जाईल एवढे गोल भोक आहे. खुंटीला अडकवायला ते केले असावे, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. पण त्या भोकाची हकीकत वेगळी आहे, ती पुढे सांगतो. स्टीलच्या भांड्यासारखा हा चकाकत नाही. त्याचा रंग पावसाळी आभाळासारखा, निळसर काळा. घरी आलेला पाहुणा पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न ठरलेला : गंजलाय का हो? तर नाही, गंजलेला नाही.

मी कवितेचा माणूस. वस्तूच्या आधी तिचा शब्द माझ्या हाताला लागतो. सत्तूर मूळचा अरबी 'सातूर'. तुर्कस्तानातला खाटीक आजही त्याला 'सातिर' म्हणतो. आपल्याकडे येताना त्यातला त दुप्पट झाला, आणि बरे झाले, कारण आता शब्द उच्चारला की ओंडक्यावर घाव पडल्यासारखा वाटतो. आता याच दुकानातले बाकीचे शब्द बघा. खाटीक संस्कृत 'खट्टिका'चा वारस. कसाई अरबीतून आला. खिमा मूळचा तुर्की, फारसीच्या वाटेने आपल्याकडे पोचला. सुरी संस्कृत घरातली. मटण इंग्रजांचे. त्यांच्या भाषेत ते मेंढीचे मांस. आपण ते बोकडाला, पालव्याला चिकटवून टाकले आणि इंग्रज निघून गेल्यावरही ठेवून घेतले. चिंचेचा ओंडका तेवढा अस्सल देशी. एका ओंडक्याभोवती एवढ्या भाषा बसलेल्या असतात आणि गिऱ्हाईक म्हणते, "मामा, नळी जरा जास्त घाला."

पोलाद हा शब्दही फारसीच. पण आपल्या गावांमध्ये त्याला जुना शब्द होता, 'तिखे'. लोहार कुऱ्हाडीला 'तिखे घालायचा', म्हणजे मऊ लोखंडाच्या तोंडाला पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडायचा. सगळी कुऱ्हाड पोलादाची करणे परवडत नसे, धारेपुरते पोलाद पुरे. तिखट या शब्दाचा हा सख्खा भाऊ. कोल्हापूरकरांना तो जवळचा वाटायला हरकत नाही.

आपल्या पलीकडच्या कन्नड मुलखात पोलादाला 'उक्कु' म्हणतात. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून केलेले हे पोलाद शतकानुशतके समुद्रापार जात होते. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावी इराणचे व्यापारी ते खरेदी करायला येत. पश्चिम आशियातल्या ज्या पाणीदार तलवारींचा जगभर बोलबाला झाला, त्यांच्यामागे आपल्याकडचे हे पोलाद होते. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. दुसऱ्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. इंग्रजांनी या पोलादाचे नाव 'वूट्झ' केले. पुढे १८१९ पासून मायकेल फॅरडे, तेच, विजेचे, जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराबरोबर या पोलादाचे गुपित शोधत बसले होते. फॅरडे स्वतः लोहाराचे पोर. लोहाराच्या पोराला असल्या गोष्टी सुचणारच.

गुपित मुख्यतः कार्बनचे. लोखंडात शेकडा पाव भागाहून कमी कार्बन असेल तर ते मऊ राहते, वाकते, धार धरत नाही. दोन भागांच्या वर गेला की बीड होते. बीड कडक असते, पण हातोडीखाली तडकते. आमच्या उद्यमनगरच्या आसपास फौंड्रीत ओतले जाते ते हे. सुरी-सत्तुराचे पोलाद या दोहोंच्या मधले. त्यातही सुरीला जास्त कडकपणा चालतो, सत्तुराला नाही. सत्तुराला हाडावर आपटायचे असते. फार कडक केला तर धारेचा तुकडा उडेल, फार मऊ ठेवला तर धार दुमडेल. शेकडा सहा दशांशाच्या आसपास कार्बन असलेले, मार खाऊन न मोडणारे पोलाद त्याला मानवते. आणि असे पोलाद गावच्या लोहाराला सहज मिळण्याची एकच जागा होती, मोटारगाडीच्या स्प्रिंगा. ट्रकच्या चाकावर एकावर एक रचलेल्या त्या कमानदार पट्ट्या असतात ना, त्या.

आता भोकाची हकीकत. त्या पट्ट्या एकत्र बांधणारा बोल्ट प्रत्येक पट्टीच्या मध्यातून जातो. माझ्या सत्तुराच्या कोपऱ्यातले भोक त्या बोल्टाचे आहे. लोहाराने पट्टी तोडली, तापवून सरळ केली, पसरवली आणि भोक कोपऱ्यात येईल अशी आखणी केली. फुकटचे भोक वाया कशाला घालवा? एका वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी ते बघताक्षणी ओळखले. पाते नीट निरखले तर त्यात अजून किंचित बाक आहे, तोही मोटारीचाच.

आजोबा सांगत, "जळिताच्या आदल्या साली केला." आमच्या भागात हे जळीत म्हणजे १९४८ चे, गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांची घरे पेटवली गेली ते. म्हणजे सत्तूर १९४७ चा धरायला हरकत नाही. दुसरे महायुद्ध संपले होते, लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या देशभर विकल्या जात होत्या. यातली पट्टी तसल्या एखाद्या गाडीची असेल, असे मला आपले वाटते. कोणत्या तरी रणांगणाकडे निघालेला ट्रक, आणि त्याचा एक पाय आमच्या ओंडक्यावर आला.

लोहार शेवटी त्याला 'पाणी देतो'. आपल्या भाषेतला हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. पाते लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवायचे. ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही. मग पुन्हा हलके तापवून कडकपणा थोडा उतरवायचा. लोहाराकडे थर्मामीटर नसतो. तो रंग बघतो. घासून उजळ केलेल्या पात्यावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबले तर वस्तऱ्यासारखी कडक धार, निळ्यावर थांबले तर स्प्रिंग. सत्तुराने या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबायचे. शे-दीडशे अंशांच्या पट्ट्यातला हा सगळा खेळ डोळ्यांवर चालायचा. आपण माणसाला 'पाणीदार' म्हणतो ते इथून आले असावे. जो तापला, बुडाला आणि तरी थोडा मऊ राहिला, तो.

धार लावायला शिकलगार. हाही शब्द दोन भाषांचा : अरबीत 'सैकल' म्हणजे झिलई, त्याला फारसी 'गर' जोडलेला. कोल्हापूर जिल्ह्यात शिकलगार आडनावाची पुष्कळ घरे आहेत. मूळचे त्यांचे काम तलवारी, भाले, कट्यारी यांचे. कुरुंदाची पूड लाखेत घोटून त्याचे चाक करायचे, दोरीने ते फिरवायचे आणि हत्याराला पाणी चढवायचे. पण कोल्हापुरात तलवारीचे दिवस एकोणिसाव्या शतकात भराभर संपले. १८४४ साली गडकऱ्यांचे बंड झाले. सामानगड, भुदरगड, पन्हाळा हे गड पेटले. बंड मोडल्यावर गडांच्या तटबंद्या पाडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शिबंदी उठली. १८५७ च्या ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरातल्या सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, डिसेंबरात शहराचे दरवाजे लावून घेऊन पुन्हा एक उठाव झाला. तोही मोडला. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानी मुलखात हत्यारे काढून घेण्याची मोहीमच निघाली. इकडे ब्रिटिश मुलखासाठी १८७८ साली हत्यारांचा कायदा आला.

हत्यारे गेली, मग शिकलगाराच्या चाकावर काय यायचे? कात्री आली, वस्तरा आला, विळी आली, सुरी आली आणि सत्तूर आला. मला या बदलाकडे बघताना वाईट वाटत नाही, हे प्रांजळपणे सांगतो. तलवारीची झिलई करणारा हात गावच्या जेवणाच्या कामी आला, यात उणेपणा कसला? पण ज्यांच्या घरचा धंदा बसला त्यांना काय वाटले असेल ते त्यांनाच ठाऊक. माझ्या लहानपणी सायकल उलट्या स्टँडवर उभी करून पायडलने चाक फिरवणारे धारवाले गल्लीत येत. ठिणग्या बघायला आम्ही पोरे गोळा व्हायचो. आजोबा मात्र त्यांच्याकडे सत्तूर देत नसत. त्यांचा एक म्हातारा शिकलगार होता, त्याच्याकडेच तो जाई, वर्षातून एकदा, आषाढाच्या आधी.

आषाढाच्या आधी का, हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही. त्र्यंबोलीची जत्रा, गावोगावच्या म्हाई, आखाडातल्या आणि श्रावणाच्या तोंडावरच्या पंगती, सगळे त्याच महिन्यात. आमचे आजोबा गावचे मुलाणी. हा शब्द आता फक्त आडनाव म्हणून उरला आहे, पण तो बलुतेदारीतला हुद्दा होता. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशात बारा बलुतेदारांच्या तीन कासा दिल्या आहेत. थोरलीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. भट आणि मुलाणा एकाच ओळीत, शेजारी शेजारी. एकाने मुहूर्त सांगायचा, दुसऱ्याने बोकड हलाल करायचा. देव हिंदूंचा, नवस मराठ्याचा, सुरी मुलाण्याची, हे चित्र पश्चिम महाराष्ट्रात कोणाला खटकत नव्हते. ते गोड होते, असे मी म्हणत नाही. त्याच गावात कोणी कुठे बसायचे, कोणाच्या विहिरीचे पाणी कोणी प्यायचे याचे नियम दगडासारखे होते, आणि थोरल्या कासेतले दोघेजण गावकुसाबाहेर राहत होते.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण गुन्हेवृत्ताच्या पानाने तो पार पुसून टाकला आहे. जनावर कापते ती सुरी. लांब, पातळ, एका ओढीत काम संपवणारी. तिची धार जनावराच्या नजरेआड लावायची, अशी आमच्याकडे सक्त शिकवण. सत्तूर तोवर टोपलीत फडक्यात गुंडाळलेला असतो. तो बाहेर येतो तेव्हा मारण्याचे काम संपलेले असते. सत्तूर मारत नाही. तो वाटणी करतो.

आणि वाटणी ही साधी गोष्ट नव्हे. गावात तेव्हा मटण किलोने मिळत नसे, वाट्याने मिळे. पंधरा-सोळा घरे मिळून एक बोकड घ्यायची. पळसाची पाने ओळीने मांडली जात. आजोबा आधी सुरीने सांधे मोकळे करत, मग सत्तूर हातात घेत. प्रत्येक पानावर मांडीचा तुकडा, फऱ्याचा तुकडा, बरगडी, चरबी, काळजाची फोड आणि नळीचा निदान एक तुकडा पडलाच पाहिजे. बोकडाच्या पायांत नळ्या असतात किती, आणि वाटेकरी सोळा! हिशेब हाडाचा होता, आणि हाडाचा हिशेब धारेवर होता. बोथट सत्तुराने हाड तुटत नाही, फुटते. त्याच्या ठिकऱ्या होतात, मगज ओंडक्यावर सांडतो, चुरा रश्श्यात उतरतो आणि एखाद्या पोराच्या घशात अडकतो. धारदार सत्तुराने नळी मुळ्यासारखी कापली जाते, आतला मगज जिथल्या तिथे. म्हणजे सोळाव्या घराला पहिल्या घराइतकेच मिळायचे असेल तर धार हवी. आजोबांची गावात पत होती ती या एका गोष्टीची.

पाने भरली की कोणा एकाला पाठमोरे उभे करायचे. दुसऱ्याने वाट्यावर काठी ठेवून विचारायचे, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्याने न बघता नाव घ्यायचे. पाटलाचे नाव कुठल्याही पानावर येऊ शके. रानातल्या गड्याचे नावही. सबंध वर्षात गावात एवढी बरोबरी दुसरी कुठे दिसत नसेल. मुलाण्याला मानही मिळायचा आणि मानही मिळायची. पहिला मान गावाचा, दुसरी बोकडाची. तिची हाडे उकळून केलेल्या सुपाची चव मला अजून आठवते. बकरी ईदला आमच्या घरी तीन वाटे होत, एक घरचा, एक नात्यागोत्याचा, एक गरिबांचा. हत्यार तेच, हातही तोच.

आता थोडे निगेविषयी. हा सत्तूर पंचाहत्तर वर्षे ओलांडून आला तो निगेने. ती निगा मी आजोबांकडून आणि मग वडिलांकडून शिकलो. स्टेनलेस स्टील नावाची वस्तू शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली केली. त्यात क्रोमियम असते, म्हणून ते गंजत नाही, विसरले तरी चालते. कार्बनच्या पोलादाला विसरून चालत नाही. काम संपले की लगेच धुवायचा. भिजत टाकायचा नाही, रात्रभर तर नाहीच. आजोबांचे घरातले एकच वाक्य असे, दख्खनीतले : "इसकू गिल्ला नको रख रे." (आमच्या दख्खनीने मराठीतून 'नको' उचलला, तो इतका की आता त्याच्याशिवाय तिचे वाक्य पुरे होत नाही.) धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचा, मुठीजवळची खाच विसरायची नाही, कारण गंज पहिल्यांदा तिथे बसतो. मग चुलीच्या उबेवर क्षणभर धरायचा, आणि खोबरेलाचा हात फिरवायचा. शेंगदाण्याचे, करडईचे तेल काही दिवसांनी चिकट होते, वास मारते. खोबरेल लवकर खवट होत नाही. काम दोन मिनिटांचे आहे.

असे वर्षानुवर्षे केले की पात्यावर ती निळसर काळी साय धरते. तीही लोखंडाची ऑक्सिजनशी झालेली जोडणीच, पण तांबड्या गंजासारखी पोखरणारी नव्हे. ती पात्याला घट्ट चिकटून बसते आणि खालच्या पोलादाला थोडेफार राखते. रक्त, आंबटपणा, ओल, तेल, हात या सगळ्यांची ती मिळून झालेली असते. तांबडा ठिपका दिसला तर तेवढाच बारीक राखेने आणि तेलाने चोळायचा, सबंध पाते घासायचे नाही.

धारेचे शास्त्र थोडे वेगळे आहे. सत्तुराला वस्तऱ्याची धार द्यायची नसते. त्याच्या धारेला खांदा हवा, म्हणजे तोंडाशी पाते किंचित फुगीर हवे, तरच ते हाड सोसते. मी ओल्या दगडावर, पाण्याचा हबका मारत, हळूहळू लावतो. विजेच्या ग्राइंडरला लावू नये. ठिणग्या छान उडतात, पण धार तापून निळी पडली की लोहाराने दिलेले पाणी तेवढ्या जागेचे गेले. मग ती जागा दर चार दिवसांनी बसते. चांगल्या हत्याराची अशी निळी पडलेली तोंडे मी पुष्कळ बघितली आहेत. आणि खाली चिंचेचाच ओंडका. चिंचेचे लाकूड चिवट, त्याचा भुसा सुटत नाही, घाव पोटात घेते. फरशीवर किंवा ओट्यावर सत्तूर चालवणाऱ्याला आजोबांनी घराबाहेर काढले असते.

असा हा घरचा माणूस. पण कायद्याच्या भाषेत तो कोण आहे, हे मी एकदा कुतूहलाने बघितले. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याखाली १९६२ साली जे नियम झाले, त्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी हत्यारांच्या यादीत धरलेली होती. माझा सत्तूर चार इंच रुंद, म्हणजे दुप्पट गुन्हेगार. पण त्याच ओळीत पुढे सवलत होती : घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी केलेली पाती वगळून. म्हणजे मोजपट्टीने तो हत्यार, आणि कामाने भांडे. सगळे काही तो कोणत्या कामासाठी आहे यावर ठरते. आणि काम कोणते, ते बघणाऱ्याच्या नजरेवर ठरते. एका नजरेला दिसतो तो आजोबांचा सत्तूर, दुसऱ्या नजरेला मुसलमानाच्या घरातला सत्तूर.

७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झाले. शाहू महाराजांच्या गावात असे काही होईल असे मला वाटले नव्हते, असे बरेच जण म्हणाले, मीही म्हणालो. त्या संध्याकाळी घरात बायकोने स्वयंपाकघराच्या खुंटीकडे बघितले आणि म्हणाली, "हा काही दिवस माळ्यावर ठेवू या का?" आमच्या घरात सत्तूर लपवण्याचा विचार त्यापूर्वी कधी कोणाच्या मनात आला नव्हता. १९४८ च्या जळितातही आजोबांचा सत्तूर खुंटीवरच होता. मी तिला म्हणालो, माळ्यावर ओल आहे, गंजेल. खरे कारण मला सांगता आले नाही, आणि तिलाही ते ऐकायचे नव्हते. सत्तूर खुंटीवरच राहिला. समोरच्या घरातल्या काकू रात्री दुधाची पिशवी घेऊन आल्या, दुकाने उघडतील की नाही म्हणून. चहा झाला. सत्तूर त्यांच्या डोक्यामागे टांगलेला होता, आणि त्यांचे लक्षही गेले नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नातल्या मटणाचा हिशेब त्यानेच केला होता.

आता दुकाने बदलली आहेत. हाड कापायला विजेची पट्टीची करवत आली, स्टेनलेसचे सत्तूर आले. ते हलके, चकचकीत, धुवायला सोपे. स्वच्छतेच्या दृष्टीने त्यांत वाईट काही नाही. माझ्या ओळखीच्या एका खाटीकबंधूंच्या दुकानात अजून दोन्ही आहेत. गर्दीला करवत आणि जुन्या गिऱ्हाइकाला सत्तूर. करवतीने हाडाचा भुगा पडतो, रश्श्याला त्याची चव लागते, असे त्यांचे म्हणणे. २०१९ च्या डिसेंबरात मटणाच्या दरावरून कोल्हापुरात रीतसर आंदोलन झाले, बैठका झाल्या, दुकाने बंद राहिली. मटणासाठी असे रस्त्यावर उतरणारे गाव दुसरे दाखवा! त्या वेळी काही तालमींच्या पोरांनी पुन्हा वर्गणी काढून अख्खा बोकड आणायला आणि वाटे घालायला सुरुवात केली. वाटे घालता येणारा माणूस शोधताना मात्र त्यांची तारांबळ उडाली. बोकड सगळ्यांना खाता येतो.

त्यांच्यातला एक मित्राचा मुलगा दरवर्षी गावच्या म्हाईला माझा सत्तूर मागून नेतो. मी देतो, फडक्यात गुंडाळून, बरोबर खोबरेलाची बाटली. गेल्या आषाढात तो परत आला तेव्हा मी क्षणभर ओळखलाच नाही. पोराच्या आईला वाटले, परक्याची वस्तू आहे, चांगली करून द्यावी. बिचारीने अर्धा तास तारेच्या घासणीने आणि चिंचेने घासून तो आरशासारखा लख्ख केला होता. पंचाहत्तर वर्षांची साय गेली. पात्यावर मला माझा चेहरा दिसत होता, किंचित बाक आलेला. मी त्या पोराला म्हणालो, आईला सांग, छान झालाय. मग त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर सत्तूर उबेवर धरला, तेलाचा हात फिरवला. दोन आठवड्यांनी धारेजवळ पहिली निळी छटा दिसली. आता वर्ष होत आले, अर्धे पाते काळे झाले आहे. मुठीकडचा भाग अजून उजळ आहे, पण ईद जवळ आली आहे.